हे कपाट तुझं : कमवा-शिकाच्या मुलांवर देखरेख करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाविद्यालयांचे प्राचार्य, विद्यार्थी विकास अधिकारी, विभागप्रमुख, कार्यालयीन अधीक्षक, प्रयोगशाळा सहायक आणि माझे ग्रंथपाल सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

कमवा आणि शिका, म्हणजे महाविद्यालयातच काही तास काम करून मानधन मिळवत शिकायच्या योजनेतल्या मुलांची यादी सूचनाफलकावर लागली की दोन दिवसांत माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागतो. "मॅडम, तुमच्याकडची दोन पोरं द्या, हॉलमधल्या खुर्च्या हलवायच्यात." "एक मुलगा पाठवा ना, झेरॉक्स आणायचीय." "ती मुलगी रिकामी असेल तर गुणपत्रिका लावायला घेऊ का?" मी गेली २६ वर्षं तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्यातली बहुतेक वर्षं माझ्या हाताखाली या योजनेतली मुलं काम करत आली आहेत. फोन करणारी ही माणसं वाईट नाहीत. त्यांच्यातले कितीतरी जण वर्गात जीव तोडून शिकवतात. पण सकाळी ज्याला ते नावाने ओळखतात, तोच मुलगा दुपारी कामाच्या वेळेत दिसला की त्याचा 'एक मुलगा' होतो. मला जे बोलायचं आहे ते या दोन वेळांमधल्या फरकाबद्दल.

मी स्वतः कमवा-शिकावर शिकले. १९९१ साली बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, वसतिगृहात राहत होते आणि घरून पैसे यायची सोय नव्हती. मला कार्यालयात काम मिळालं, फीच्या खिडकीमागे पावत्या लिहायचं. पहिल्या दिवशी पावतीपुस्तक हातात दिलं आणि सांगितलं, "लिहीत जा." मी लिहीत गेले. कार्बन कागदाची काळी बाजू खाली ठेवायची की वर, हे मला कुणी दाखवलं नव्हतं, आणि त्याआधी कार्बन मी हातात धरलेला नव्हता. मी तो उलटा लावला. सगळी नक्कल वरच्याच पावतीच्या पाठीवर उमटत गेली आणि खालची स्थळप्रत कोरी राहिली. अठरा पावत्या झाल्यावर ते लक्षात आलं. खिडकीबाहेर रांग होती, रांगेत माझ्याच वर्गातल्या मुली होत्या. त्यांच्यासमोर कार्यालयातले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "यांना पैसेही आपणच द्यायचे आणि डोकंही आपणच द्यायचं." त्यानंतर दोन आठवडे मी कामावर गेले नाही. मुलगी आली नाही, एवढी नोंदसुद्धा कुणी घेतली नाही.

मग तिथल्या ग्रंथपाल सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांना प्रकार कळला होता की नाही, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही. मराठी साहित्याच्या लाकडी, काचेच्या दारांच्या कपाटासमोर त्यांनी मला उभं केलं, तासभर त्यातलं एकेक पुस्तक काढून त्याच्या पाठीवरचा आकडा वाचायला लावला आणि शेवटी किल्ली हातात दिली. म्हणाले, "हे कपाट तुझं. यातलं पुस्तक कुणी मागितलं आणि सापडलं नाही, तर मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. तुलाच विचारेन."

मी आज ज्या खुर्चीवर बसते, ती मला त्या किल्लीने मिळवून दिली. म्हणून मी तुम्हाला जे सांगते आहे ते एवढंच आहे: या मुलांना नुसतं काम देऊ नका, कशाचा तरी ताबा द्या. काम दिलं की मूल घड्याळ बघतं. ताबा दिला की ते स्वतःहून आपली जागा बघायला लागतं.

आमच्या वाचनालयाचंच सांगते, कारण मला तेच नीट ठाऊक आहे. पुस्तकांची मांडणी ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेल्या आकड्याच्या क्रमाने असते. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. नव्या मुलाला हे सांगितलं की तो मान हलवतो आणि त्याला कळलं असं आपल्याला वाटतं. मग अर्थशास्त्राच्या रॅकवर ३३८.१ आणि ३३८.०९५४ ही दोन पुस्तकं त्याच्या हातात द्या. दहातली आठ मुलं ३३८.१ आधी लावतात, कारण ९५४ हा आकडा त्यांना १ पेक्षा मोठा दिसतो. दशांश चिन्हानंतर एकेक अंक ताडून बघायचा असतो, शून्य आधी आणि एक नंतर, हे शाळेत शिकलेलं असूनही त्या क्षणी आठवत नाही. इथे दोन वाटा असतात. "आठवीतलं गणित येत नाही का?" असं म्हणायचं, किंवा ती दोन पुस्तकं पुन्हा हातात देऊन "आता अंक एकेक करून वाच" म्हणायचं. दुसऱ्या वाटेला तीन मिनिटं जास्त लागतात. आणि चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तकच. ते इमारतीत असतं, दाखल नोंदवहीत असतं, पण मागणाऱ्याला मिळत नाही. हे कारण मुलाला सांगितलं तर पुस्तक लावणं ही हमाली उरत नाही. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यातला चौथा. मी तो प्रत्येक नव्या तुकडीला सांगते, आणि मग कोरा कागद देऊन त्यांचं नाव त्यांच्या रॅकच्या बाजूला चिकटवायला लावते.

नाव चिकटवल्यावर काय होतं ते बघण्यासारखं असतं. दोन वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा मला बांधीव नियतकालिकांच्या रॅकमागे भिंतीला टेकून झोपलेला सापडला. हजेरीवर त्याची सही होती आणि पुस्तकांची गाडी तशीच भरलेली उभी होती. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. शिपाई मामा म्हणाले, "उठवू नका लगेच, पोरगं चारला बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट उतरवून येतंय." मला हे माहीतच नव्हतं. माझ्या हाताखाली चार महिने काम करणारा मुलगा पहाटे कुठे असतो, हे मामांना ठाऊक आणि मला नाही. त्याची कामाची वेळ सकाळी आठ ते दहा होती, ती मी दुपारी तीन ते पाच केली आणि भौतिकशास्त्राचा रॅक त्याच्याकडे दिला. महिनाभरात तो माझ्याकडे एक गोष्ट घेऊन आला. परीक्षा जवळ आली की भौतिकशास्त्राची तीच सहा-सात पुस्तकं दिसेनाशी होतात आणि घरी नेल्याची नोंदही नसते. त्याने शोधून काढलं की मुलं ती धर्म आणि तत्त्वज्ञानाच्या रॅकवर मागच्या रांगेत लपवून ठेवतात, म्हणजे उद्या पुन्हा आपल्यालाच मिळावीत. "मॅडम, ही पुस्तकं परीक्षेपुरती काउंटरमागे ठेवू या. दोन-दोन तासांसाठी देऊ." आम्ही तसं केलं, आजही करतो. हे मला २४ वर्षांत सुचलं नव्हतं, कारण मी त्या रॅकसमोर रोज उभी राहत नव्हते.

मुलांना प्रोत्साहन कसं द्यायचं, असं कार्यशाळांमध्ये विचारलं जातं. माझा अनुभव सांगतो की त्यांनी सांगितलेली एक गोष्ट अमलात आणा आणि ती कुणी सुचवली हे चारचौघांत सांगा. गुलाबाचं फूल आणि टाळ्या याच्यापुढे फिक्या पडतात.

आता थोडं योजनेच्या मुळाकडे येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते. कर्मवीरांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याला वसतिगृह उभं केलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि अंगमेहनतीची कामं करून शिकत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचं वाक्य त्यातूनच आलं. १९४० चं महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ चं साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज याच वाटेने उभी राहिली. मुलाने श्रम करायचे आणि त्या बदल्यात शिकायचं, म्हणजे त्याच्या मानेवर कुणाच्या उपकाराचं ओझं राहत नाही. पण त्या वसतिगृहातली दुसरी बाजू आपण फार लवकर विसरलो. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील त्या मुलांना आईसारखं सांभाळत होत्या, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडायला दिलं. तिथे काम करून घेणारी माणसं मुलांच्या पोटाची काळजी वाहत होती. आपण योजनेतलं काम तेवढं ठेवलं.

'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द मला प्रिय आहे, म्हणूनच तो कुठेही वापरला जातो तेव्हा त्रास होतो. मुलाच्या हातात झाडू देताना आपण हा शब्द उच्चारतो. मग वर्षातून एकदा तरी तो झाडू आपल्याही हातात दिसायला हवा. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीआधी रॅक पुसायचे असतात. मी साडीचा पदर खोचून वरचा कप्पा पुसते, मुलं खालचे पुसतात. धुळीने सगळ्यांनाच शिंका येतात. त्या दिवशी मुलं माझ्याशी जितकं बोलतात तितकं एरवी वर्षभरात बोलत नाहीत.

मुलांच्या मनातल्या संकोचाबद्दलही थोडं लिहायला हवं. आमच्या बागेत काम करणारी एक मुलगी झाडांना पाणी घालताना स्कार्फ नाकापर्यंत ओढून घ्यायची. मला वाटलं, ऊन लागत असेल. पण ढगाळ दिवशीही तसंच. वाणिज्य शाखेचा तास सुटला की ती पाइप खाली टाकून कडुलिंबाच्या आड जायची आणि गर्दी ओसरली की परत यायची. पाणी तोवर एकाच वाफ्यात साचलेलं असायचं. तिच्या पर्यवेक्षकांच्या लेखी ती कामचुकार होती. तिला वर्गमैत्रिणींनी बघायला नको होतं, इतकंच. तिची कामाची वेळ तास सुटण्याच्या वेळेशी जुळणार नाही अशी ठेवली की प्रश्न सुटला असता, आणि तसा तो सुटलाही. पुढच्या वर्षी ती स्वतःच स्कार्फ न बांधता काम करायला लागली. ते घाईने करून घेण्यासारखं नव्हतं.

म्हणून रागावायचं असेल तर दार लोटून रागवा. नावाने हाक मारा. 'ए', 'अरे कमवा-शिका', 'ती योजनेतली' ही हाक मारण्याची रीत बंद करा. काउंटरवर मुलगा बसलेला असताना प्राध्यापक आले आणि त्याला ओलांडून माझ्याशी बोलायला लागले, तर मी त्यांना आदराने सांगते, "सर, हा विभाग तो बघतो, त्यालाच विचारा." पहिल्यांदा दोघंही अवघडतात. नंतर सवय होते.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या अमेरिकेत एम.एस. करतो आहे. तिथे परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आवारातच आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. तो विद्यापीठाच्या भोजनगृहात भांडी घासण्याच्या यंत्रावर उभा असतो. त्याने मला फोनवर सांगितलं, "मॅडम, काम आपल्याकडच्यापेक्षा अवघड आहे. पण पहिल्या दिवशी मला एक कागद दिला. त्यात काय करायचं, कसं करायचं, भाजलं-कापलं तर कुणाला सांगायचं, येता येणार नसेल तर कोणाला कळवायचं, सगळं लिहिलेलं होतं. आणि माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठा मुलगा आठवडाभर माझ्याबरोबर उभा राहिला." अमेरिकेत गरजू विद्यार्थ्यांना काम देण्याची सरकारी योजना १९६४ च्या कायद्याने आली, आपल्याकडे साताऱ्यात हा विचार त्याच्या कितीतरी आधी रुजला होता. मग तो एक कागद आपल्याला का लिहिता येऊ नये? त्याला अनुदान लागत नाही, परिपत्रक लागत नाही.

पैशाचं आता स्पष्टच लिहिते. मानधन उशिरा येतं, याला वरची बरीच कारणं आहेत आणि ती सगळी आपल्या हातात नाहीत. पण हजेरीपत्रक महिनाअखेरीला पूर्ण करून पाठवणं आपल्या हातात आहे. माझ्या माहितीत एका ठिकाणी तीन महिन्यांची हजेरीपत्रकं एका टेबलाच्या खणात पडून होती, कारण पर्यवेक्षकांची सही राहिली होती. खानावळवाल्या मावशी पाच तारखेला डबा थांबवतात. एस.टी.चा पास संपला की मूल गावाहून येणंच बंद करतं. मानधन हातात पडतं तेव्हा त्यातले अर्धे आधीच उसने घेतलेले असतात. ज्या मुलाला आपण "उद्या बघू" म्हणतो, त्याचा उद्या कसा असतो, हे एकदा त्याच्या खानावळीत जाऊन बघा. मी दर महिन्याच्या २८ तारखेला हजेरीपत्रक स्वतः नेऊन देते, पोच घेते, आणि पैसे जमा झाले का हे मुलांना विचारते. कुणाचं बँक खातं बंद पडलेलं असतं, कुणाचं आधार जोडलेलं नसतं. हे त्याला स्वतःहून सांगायची लाज वाटते.

याच्या उलट बाजूचीही चूक आपल्यात आहे, आणि ती मला जास्त घातक वाटते. काही विभागांत मुलाला म्हणतात, "काम काही नाही, सही कर आणि जा, अभ्यास कर." हा दयाळूपणा वाटतो. पण मुलाला त्यातून कळतं ते असं की त्याच्या कामाची कुणाला गरज नाही आणि न केलेल्या तासांचे पैसे घेण्यात वावगं काही नाही. माझ्याकडेही हे घडलं आहे. एका मुलाने आठवडाभर मित्राची सही ठोकली. मी दोघांना बसवलं आणि विचारलं, की त्या आठवड्यात मित्राच्या रॅकवर कोण होतं? कुणीच नव्हतं. त्या रॅकवरची ३२ पुस्तकं चुकीच्या जागी निघाली. ती दोघांनी मिळून शनिवारी लावली आणि न भरलेले तास मी हजेरीतून वजा केले. मित्र कशासाठी गेला होता, तेही विचारलं. बहिणीच्या सासरचं भांडण होतं. तसं असेल तर रजा माग, तास पुढच्या आठवड्यात भरून काढ, असं त्याला सांगितलं. तोपर्यंत रजा मागता येते, हेच त्याला माहीत नव्हतं. ते न सांगितल्याचा दोष माझा होता.

परीक्षेच्या काळात तास कमी करा, हे वेगळं सांगायला नको.

प्राचार्यांना मात्र एक खास विनंती आहे. पर्यवेक्षक नेमताना ज्याच्याकडे तास कमी आहेत त्याचं नाव घालू नका, ज्याच्याकडे मुलं थांबतात त्याचं घाला. कधी तो प्राध्यापक नसेलही. आमच्या प्रयोगशाळेतले सहायक पदवीधर नाहीत, पण त्यांनी हाताशी धरलेली मुलं ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची काचेची नळी, धरताना हात कसा ठेवायचा हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात, तेही न सांगता. आणि वर्षअखेरीला प्रमाणपत्रावर 'यांचे काम समाधानकारक होते' एवढं छापू नका. मुलगा नोकरीच्या मुलाखतीला ते घेऊन जाणार असतो. त्याने काय केलं ते लिहा. 'अर्थशास्त्र विभागातील सुमारे १,१०० ग्रंथांची मांडणी आणि वार्षिक पडताळणी यांनी स्वतंत्रपणे केली' हे वाक्य वाचून समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलाला येत असतं.

यादी लागायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. माझ्याकडे पहिल्या दिवसासाठीचा एका पानाचा कागद तयार आहे. कामाची वेळ, कुणाला विचारायचं, येता येणार नसेल तर काय करायचं, मानधन कधी आणि कसं मिळतं, चूक झाली तर पहिल्यांदा कुणाला सांगायचं, एवढंच त्यावर आहे. खाली मुलाने भरायच्या तीन जागा आहेत: कुठून येतोस, किती वाजता निघतोस, जेवण कुठे करतोस. तुमच्या विभागाला जुळेल तसा बदल करून तो वापरा. शेवटची ओळ मी मुद्दाम कोरी सोडली आहे. त्या मुलाच्या ताब्यात तुम्ही काय देणार, त्याचं नाव तिथे त्याच्यासमोर तुमच्या हाताने लिहायचं आहे.

आपली स्नेहांकित,
तालुक्याच्या गावातली एक ग्रंथपाल